पत्त्याची पाठचिकित्सा : आभासी सर्व्हरची नेटवर्क-मांडणी आज्ञांच्या भाषेत

गेल्या काही वर्षांत मराठीच्या अभ्यासकाची सामग्री कपाटातून संगणकात गेली आहे. जुन्या नियतकालिकांच्या छायाप्रती, हस्तलिखितांची छायाचित्रे, लोकगीतांची ध्वनिमुद्रणे, विद्यार्थ्यांचे प्रबंध हे सारे आता महाविद्यालयाच्या एखाद्या कोपऱ्यातील खोलीत, सतत घोंघावणाऱ्या सर्व्हरवर असते. कपाटाला कुलूप लागले तर किल्ली कोणाकडे आहे हे शिपायाला विचारता येते. सर्व्हरचा पत्ता हरवला तर कोणाला विचारायचे, हे बहुतेक लहान संस्थांत ठरलेले नसते.

प्रस्तुत लेखात आभासी यंत्रे सांभाळणाऱ्या सर्व्हरचा नेटवर्कमधील पत्ता आज्ञा लिहून कसा वाचावा, कसा बदलावा आणि बदलताना काय जपावे, हे समजावून देण्याचा प्रयत्न आहे. मी साहित्याचा अध्यापक आहे. संगणकशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. तरीही या वार्षिकासाठी हा विषय निवडला, कारण हे काम मुळात वाचनाचे आहे. एक लहानशी संहिता नीट वाचणे, तिच्या प्रती ताडून पाहणे आणि त्यांत एकवाक्यता आणणे, एवढेच त्यात करायचे असते. आपल्या वाचकांना या कामाची सवय आहे.

विषयाची निकड एका घटनेवरून ध्यानात येईल. सीमाभागातील एका महाविद्यालयात जुन्या मराठी अंकांचा संग्रह मोठ्या कष्टाने छायांकित करून सर्व्हरवर ठेवला होता. एका उन्हाळ्यात संस्थेने नवी इंटरनेट जोडणी घेतली. जोडणी बसवणाऱ्याने नवे राउटर लावले आणि त्याबरोबर इमारतीतील संगणकांचे अंतर्गत पत्ते बदलले. सर्व्हर मात्र जुन्याच पत्त्यावर उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून संग्रह कोणालाच दिसेना. प्रबंधाची मुदत जवळ आलेले विद्यार्थी विभागात खेपा घालू लागले. ‘डिस्क गेली असणार’ असे कोणी म्हणाले, तर कोणी अंक पुन्हा छायांकित करण्याचा प्रस्ताव मांडला. त्या अंकांची पाने बोट लागताच तुकडे होऊन हातात येतात; दुसऱ्या छायांकनात त्यांतील कितीतरी कायमची गेली असती. तीन आठवड्यांनी बाहेरगावचा तंत्रज्ञ आला आणि त्याने अर्ध्या तासात चार ओळी बदलल्या. संग्रहातील एक अक्षरही हरवलेले नव्हते.

या प्रसंगावरून मला महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांची आठवण होते. ‘सकळ’सारख्या लिपीत लिहिलेले ग्रंथ शतकानुशतके सुरक्षित होते, पण विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या हाती किल्ली लागेपर्यंत बाहेरच्या वाचकासाठी ते असून नसल्यासारखे होते. ग्रंथ जपणे आणि ग्रंथापर्यंतची वाट जपणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम आपण अजून आपले मानलेले नाही.

लेखनपद्धतीविषयी आधी एक सूचना. पुढील आज्ञा आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टंकताना त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांतच लिहायच्या असतात. अंकही तेथे रोमन वळणाचेच लागतात.

एका यंत्रात अनेक यंत्रे

पूर्वी एका सर्व्हरवर एकच काम चाले. ग्रंथालयाची सूची एका यंत्रावर, संकेतस्थळ दुसऱ्यावर, संग्रह तिसऱ्यावर. आता एकाच सशक्त यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रे वसवता येतात. प्रत्येक आभासी यंत्राला स्वतःची स्मृती, डिस्क आणि कार्यप्रणाली असल्याचा अनुभव येतो. प्रत्यक्षात हे सारे त्याला बाहेरच्या यंत्राने वाटून दिलेले असते. बाहेरच्या यंत्राला यजमान म्हणावे आणि आतल्यांना पाहुणे. इंग्रजी परिभाषेतही हेच रूपक आहे.

हा यजमानपणा सांभाळणाऱ्या प्रणाली अनेक आहेत. येथे उदाहरणासाठी ‘प्रॉक्समॉक्स’ ही प्रणाली घेतली आहे. ती ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे तयार होते, तिची पहिली आवृत्ती २००८ साली आली, आणि ती डेबियन या लिनक्सच्या पायावर उभी आहे. ती मुक्त परवान्याखाली मिळत असल्याने परवाना-शुल्काविना वापरता येते. लहान संस्थांना हे परवडते. तिचे दुसरे वैशिष्ट्य आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. तिची नेटवर्कची सारी मांडणी साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेली असते. ज्याला ओळी वाचता येतात त्याला ती वाचता येते.

एरवी या यजमानाचा कारभार दुसऱ्या संगणकावरच्या ब्राउझरमधून चालतो. यजमानाचा पत्ता आणि त्यापुढे ८००६ हा द्वारक्रमांक लिहिला की व्यवस्थापनाचे पान उघडते. पण पत्ताच चुकला तर हे पान उघडणार नाही. अशा वेळी यंत्राला थेट पडदा आणि कळफलक जोडून आज्ञा लिहाव्या लागतात. आज्ञा-ओळीचे महत्त्व येथे आहे : सारे दरवाजे बंद झाल्यावरही ही वाट उघडी राहते.

पत्ता, वाडा आणि वेस

नेटवर्कमधील पत्ता चार अंकांचा असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. यातील प्रत्येक अंक ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. या पत्त्याची आजही सर्वत्र वापरात असलेली घडण १९८१ सालच्या एका तांत्रिक दस्तऐवजाने निश्चित केली. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते संस्थेच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. बाहेरच्या जगात ते चालत नाहीत. म्हणूनच पणजीच्या एका महाविद्यालयात आणि इंदूरच्या दुसऱ्या महाविद्यालयात एकच अंतर्गत पत्ता असू शकतो आणि त्यांची टक्कर होत नाही.

पत्त्यामागे बहुधा /२४ असे लिहिलेले असते. नवख्या माणसाची नजर यावरून घसरते. आपल्या पिनकोडची पद्धत आठवली तर ते सहज उलगडेल. १५ ऑगस्ट १९७२ पासून रूढ झालेल्या या सहा अंकी क्रमांकात डावीकडचे अंक मोठा प्रदेश सांगतात आणि उजवीकडचे टपाल कार्यालय. ४०३ म्हटले की गोवा कळतो. पुढचे ००१ पणजी सांगतात, ६०१ मडगाव. नेटवर्कच्या पत्त्यातही डावा भाग वाडा सांगतो आणि उजवा भाग घर. संपूर्ण पत्ता ३२ द्विमान अंकांचा असतो. त्यातले डावीकडचे २४ वाड्याचे आहेत, असे /२४ ही खूण सांगते. म्हणजे १९२.१६८.१ हा वाडा आणि ५० हे घर. अशा वाड्यात २५६ क्रमांक असतात. पहिला वाड्याच्या नावासाठी आणि शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी राखीव असल्याने २५४ घरे वसवता येतात.

वाड्यातल्या घरांना एकमेकांशी थेट बोलता येते. वाड्याबाहेर जायचे तर वेशीतून जावे लागते. या वेशीला ‘गेटवे’ म्हणतात आणि ती बहुधा राउटरपाशी असते. वेशीचा पत्ता वाड्यातलाच असावा लागतो. वर सांगितलेल्या महाविद्यालयात नेमके हेच बिघडले. राउटर बदलल्यावर वाडा १९२.१६८.१ चा १९२.१६८.१० झाला, सर्व्हर मात्र जुन्या वाड्याच्या घरक्रमांकावर, नसलेल्या वेशीकडे तोंड करून बसला. इतरांना तो परगावचा वाटू लागला.

बोललेली आज्ञा आणि लिहिलेली आज्ञा

यंत्रापुढे बसून व्यवस्थापकाच्या, म्हणजे ‘रूट’ या नावाने आत शिरले की पडद्यावर एक ओळ येते आणि तिच्या शेवटी # हे चिन्ह दिसते. त्यापुढे आज्ञा लिहायची. पहिल्या दोन आज्ञा केवळ विचारपूस करणाऱ्या आहेत. त्यांनी काहीही बदलत नाही :

आयपी ॲड्रेस शो
आयपी रूट शो

पहिलीने यंत्राचे या क्षणीचे पत्ते दिसतात, दुसरीने बाहेर जाण्याच्या वाटा. दुसरीच्या उत्तरात ‘डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१ डेव्ह व्हीएमबीआर०’ असे काहीसे वाक्य येते. त्याचा मराठी अन्वय असा : ज्याची वेगळी वाट सांगितलेली नाही ते सारे व्हीएमबीआर० वरून, १९२.१६८.१.१ च्या द्वारे पाठवावे. येथे ‘व्हाया’ हा शब्द आपल्या तृतीयेचे काम करतो आणि ‘डेव्ह’ सप्तमीचे. कारकविचार शिकवणाऱ्या अध्यापकाला ही वाक्यरचना परकी वाटू नये.

आता बदल घडवणारी एक आज्ञा पाहू :

आयपी ॲड्रेस ॲड १९२.१६८.१०.६०/२४ डेव्ह व्हीएमबीआर०

‘व्हीएमबीआर० वर १९२.१६८.१०.६० हा पत्ताही चढव’ असा तिचा अर्थ. दुसरा ‘ॲड’ हे आज्ञार्थी क्रियापद, पत्ता हे कर्म, शेवटची जोडी अधिकरण. एंटरची कळ दाबताच आज्ञा अमलात येते. जुना पत्ता राहतो आणि त्याच्या जोडीला नवा येतो. मात्र यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की नवा पत्ता नाहीसा होतो, कारण ही आज्ञा केवळ बोललेली आहे, कोठे लिहिलेली नाही.

लिहिलेली आज्ञा फाइलीत असते. ती टिकाऊ असते. पण लिहिल्याबरोबर तिचा परिणाम होत नाही. यंत्राने ती वाचावी लागते. मौखिक आणि लिखित परंपरांतला हा भेद आपल्या विद्यार्थ्यांना आपण नेहमी शिकवतो. बोललेल्या शब्दाला तत्काळ परिणाम असतो, लिहिलेल्याला आयुष्य. सर्व्हरच्या कामात होणारे पुष्कळ घोटाळे या दोहोंत गल्लत केल्याने होतात. एखादा तंत्रज्ञ बोललेल्या आज्ञेने काम भागवून जातो, सारे सुरळीत चालते, आणि सहा महिन्यांनी वीज गेल्यावर यंत्र जुन्या लिखित पत्त्यावर परत येते. तोवर काय केले होते हे कोणाच्या स्मरणात नसते.

दहा ओळींची संहिता

ज्या फाइलीत मांडणी लिहिलेली असते तिचे नाव /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस. ‘कॅट’ ही आज्ञा देऊन त्यापुढे हे नाव लिहिले की फाइल पडद्यावर वाचता येते. एकच नेटवर्क-कार्ड असलेल्या यंत्रात तिचा मजकूर साधारण असा असतो :

ऑटो एलओ
आयफेस एलओ आयनेट लूपबॅक
आयफेस ईएनओ१ आयनेट मॅन्युअल
ऑटो व्हीएमबीआर०
आयफेस व्हीएमबीआर० आयनेट स्टॅटिक
ॲड्रेस १९२.१६८.१.५०/२४
गेटवे १९२.१६८.१.१
ब्रिज-पोर्ट्स ईएनओ१
ब्रिज-एसटीपी ऑफ
ब्रिज-एफडी ०

पहिल्या दोन ओळी यंत्राच्या स्वगताच्या आहेत. ‘एलओ’ ही यंत्राने स्वतःशीच बोलण्याची वाट. तिला हात लावू नये. तिसरी ओळ खऱ्या, धातूच्या कार्डाविषयी आहे. ‘ईएनओ१’ हे त्याचे नाव, आणि ‘मॅन्युअल’ म्हणजे या कार्डाला स्वतःचा पत्ता नाही. हे नवख्याला चमत्कारिक वाटते : खऱ्या कार्डाला पत्ता का नसावा?

उत्तर पुढच्या ओळींत आहे. ‘व्हीएमबीआर०’ हा आभासी पूल आहे. आमच्याकडच्या वाचकांसाठी मी त्याला साकव म्हणेन. साकवाच्या एका टोकाला खरे कार्ड बांधलेले असते. ‘ब्रिज-पोर्ट्स ईएनओ१’ ही ओळ तेच सांगते. दुसऱ्या बाजूला यजमान स्वतः आणि त्याचे सारे पाहुणे उभे असतात. सर्वांची ये-जा या साकवावरून होते, म्हणून यजमानाचा पत्ता कार्डावर न लिहिता साकवावर लिहितात. ‘स्टॅटिक’ म्हणजे स्थिर, कोणाकडून मागून न घेतलेला पत्ता. सर्व्हरचा पत्ता स्थिरच असावा. रोज घर बदलणाऱ्याकडे टपाल पोचत नाही. शेवटच्या दोन ओळींपैकी पहिली वाटांचा फेरा टाळणारी तपासणी बंद ठेवते आणि दुसरी साकव सुरू होताना थांबण्याचा काळ शून्य करते. सामान्यतः त्या आहेत तशाच ठेवाव्यात.

एक नियम लक्षात असावा. दोन-तीन साकव असले तरी ‘गेटवे’ची ओळ एकाच ठिकाणी लिहावी. दोन वेशी सांगितल्या की उत्तर कोणत्या वाटेने जावे याचा गोंधळ होतो.

प्रतींतील पाठभेद

एवढ्यावर काम संपले असते तर लेखाची गरज नव्हती. अडचण अशी की हाच पत्ता यंत्रात आणखी काही ठिकाणी लिहिलेला असतो, आणि एक जागा बदलली की बाकीच्या आपोआप बदलत नाहीत.

दुसरी प्रत /ईटीसी/होस्ट्स या फाइलीत आहे. तिच्यात एक ओळ पत्ता, यंत्राचे पूर्ण नाव आणि लघुनाव अशा क्रमाने असते. या फाइलीला इतिहास आहे. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांवरून पत्ते शोधण्याची आजची व्यवस्था मांडण्यापूर्वी साऱ्या जाळ्यातील यंत्रांची नावे अशा एकाच यादीत असत आणि ती यादी सर्वांना उतरवून घ्यावी लागे. आज त्या यादीचा अवशेष प्रत्येक यंत्रात उरला आहे. प्रॉक्समॉक्सच्या दृष्टीने तो निव्वळ अवशेष नाही. ही प्रणाली सुरू होताना आपलेच नाव उच्चारते आणि त्याचा पत्ता शोधते. तो मिळाला नाही, किंवा स्वगताचाच पत्ता मिळाला, तर तिची मुख्य सेवा उभी राहत नाही आणि व्यवस्थापनाचे पानही उघडत नाही.

तिसरी प्रत पडद्यावर असते. यंत्र सुरू झाल्यावर ‘व्यवस्थापनासाठी अमुक पत्ता उघडा’ अशी सूचना दिसते. ही सूचना यंत्राच्या नावावरून, म्हणजे व्यवहारात होस्ट्स फाइलीतून तयार होते. इंटरफेसेस फाइल बदलली आणि होस्ट्स तशीच राहिली, तर पडदा ठामपणे जुना पत्ता सांगत राहतो. माणूस पडद्यावर विश्वास ठेवतो, तोच पत्ता पुन्हा पुन्हा उघडून पाहतो आणि यंत्र बिघडले असा निष्कर्ष काढतो.

चौथी प्रत कधी असते, कधी नसते. ब्राउझरमधल्या व्यवस्थापन-पानावरून कोणी मांडणी बदलली असेल आणि ती लागू करण्याची कळ दाबली नसेल, तर तो बदल ‘इंटरफेसेस.न्यू’ या नावाच्या फाइलीत वाट पाहत पडून राहतो. यंत्र पुढच्या वेळी सुरू होताना ही नवी फाइल जुनीची जागा घेते. आपण हाताने केलेली दुरुस्ती अशा विसरलेल्या मसुद्याने पुसली जाऊ शकते. म्हणून काम सुरू करण्याआधी ‘एलएस /ईटीसी/नेटवर्क’ ही आज्ञा देऊन असा मसुदा पडलेला नाही ना, हे पाहून घ्यावे.

याखेरीज /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ या फाइलीत नावांचा उलगडा करणाऱ्या सर्व्हरचा पत्ता असतो. संस्थेत ते काम राउटरच करत असेल तर वाडा बदलल्यावर हाही पत्ता बदलावा लागतो.

नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली तेव्हा प्रती ताडून पाहण्याचे महत्त्व मराठीला कळले, असे आपण सांगतो. येथे ताडायच्या प्रती चार-पाच आणि पाठ एका ओळीचा आहे. कोणती प्रत कोणत्या अर्थाने प्रमाण, हे मात्र कळले पाहिजे. ‘आयपी ॲड्रेस शो’ आत्ताची स्थिती सांगते. इंटरफेसेस फाइल पुढच्या वेळची स्थिती सांगते. होस्ट्स फाइल यंत्राची स्वतःविषयीची समजूत सांगते. पडद्यावरची सूचना त्या समजुतीची नक्कल असते. चारही एकच पत्ता सांगू लागले म्हणजे काम शुद्ध झाले.

पत्ता बदलण्याचा क्रम

आता १९२.१६८.१.५० चा पत्ता १९२.१६८.१०.५० करायचा आहे असे समजू. हे काम शक्यतो यंत्रापुढे बसून करावे. दुरून, त्याच नेटवर्कवरून जोडणी घेऊन पत्ता बदलणे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणे. यंत्राला पडदा जोडणे शक्य नसेल तर एक युक्ती आहे : आपल्या लॅपटॉपला थोडा वेळ जुन्या वाड्यातला, वापरात नसलेला १९२.१६८.१.२० सारखा पत्ता द्यावा आणि तो सर्व्हरच्याच स्विचला तारेने जोडावा. दोघे पुन्हा शेजारी होतात आणि जुन्या पत्त्यावरून सर्व्हर गाठता येतो.

पहिली पायरी नकलेची. ‘सीपी /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस /रूट/’ या आज्ञेने मूळ फाइलीची प्रत दुसरीकडे ठेवावी. होस्ट्सचीही तशीच ठेवावी. काही बिनसले तर परतीची वाट राहते.

दुसरी पायरी लेखनाची. ‘नॅनो’ हा साधा संपादक बहुतेक यंत्रांत असतो. ‘नॅनो /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’ असे लिहून फाइल उघडावी आणि ॲड्रेस व गेटवे या दोनच ओळी बदलाव्यात. कंट्रोल आणि ओ दाबल्यावर फाइल जतन होते, कंट्रोल आणि एक्स दाबल्यावर बाहेर पडता येते. त्यानंतर होस्ट्स फाइलीतील ओळ आणि गरज असल्यास रिझॉल्व्ह.कॉन्फमधील ओळ बदलावी. यंत्राचे नाव बदलू नये. पाहुण्यांच्या नोंदी त्या नावाखाली ठेवलेल्या असतात.

तिसरी पायरी वाचून घेण्याची : ‘आयएफरीलोड -ए’. सलग लिहिलेली ही आज्ञा यंत्राला फाइल पुन्हा वाचायला लावते आणि बदललेले तेवढे लागू करते.

चौथी पायरी पडताळ्याची. ‘पिंग -सी ४’ या आज्ञेपुढे पत्ता लिहिला की यंत्र त्या पत्त्याला चार हाका मारते आणि किती ओ आल्या ते सांगते. हाका जवळून दूर अशा क्रमाने माराव्यात : आधी स्वतःचा नवा पत्ता, मग वेस, मग ८.८.८.८ सारखा बाहेरचा पत्ता आणि शेवटी एखादे नाव. वेशीकडून उत्तर आले नाही तर दोष बहुधा पत्त्यात, /२४ मध्ये किंवा तारेत असतो. वेस बोलते पण बाहेरून उत्तर नाही, तर गेटवेची ओळ किंवा राउटर तपासावे. बाहेरचा पत्ता बोलतो पण नाव बोलत नाही, तर रिझॉल्व्ह.कॉन्फ पाहावी. कोणत्या पायरीवर हाक अडली यावरून दोषाची जागा कळते.

पाचवी पायरी यंत्र एकदा पुन्हा सुरू करण्याची. तत्पूर्वी सारे पाहुणे व्यवस्थित बंद करावेत. लिहिलेला पाठ खरोखर टिकतो का, याची ही परीक्षा आहे, आणि ती वीज जाण्याची वाट न पाहता आपणच घ्यावी.

यजमानाचा पत्ता बदलला म्हणून पाहुण्यांचे पत्ते बदलत नाहीत. संग्रहाचे आभासी यंत्र स्वतंत्र पत्त्यावर राहते. ‘क्यूएम लिस्ट’ या आज्ञेने अशा यंत्रांची यादी मिळते. मग व्यवस्थापन-पानावरून एकेकाच्या पडद्यावर जाऊन त्याचा पत्ता त्याच्या आत शिरून बदलावा लागतो. अनेक यजमान एका समूहात जोडलेले असतील तर मात्र या क्रमाने जाऊ नये. तेथे परस्परांचे पत्ते आणखी एका सामायिक फाइलीत असतात आणि ते काम जाणत्याच्या देखरेखीखालीच व्हावे.

नाव बदललेले कार्ड

कधी पत्ता बदललेला नसतो, तरी सर्व्हर दिसेनासा होतो. कार्यप्रणाली अद्ययावत केल्यावर किंवा यंत्रात नवे कार्ड बसवल्यावर जुन्या कार्डाचे नाव बदलू शकते. ‘ईएनपी३एस०’ चे ‘ईएनपी४एस०’ होते, कारण हे नाव कार्ड कोणत्या खाचेत आहे यावरून ठरते. फाइलीत मात्र साकव जुन्याच नावाला बांधलेला राहतो. साकव आहे, पत्ता आहे, पण एक टोक हवेत आहे. ‘आयपी लिंक’ या आज्ञेने कार्डांची आजची नावे दिसतात. ती इंटरफेसेस फाइलीतील नावांशी ताडून पाहावीत आणि ‘ब्रिज-पोर्ट्स’च्या व ‘मॅन्युअल’च्या ओळीत नवे नाव लिहावे. एका अक्षराचा पाठभेद साऱ्या संग्रहाची वाट बंद करू शकतो.

मराठीतील एक पान

आपल्या संस्था महाराष्ट्राबाहेर आहेत. मराठी विभागात तीन-चार माणसे, संगणकासाठी वेगळा माणूस नाही, आणि बाहेरून येणारा तंत्रज्ञ दर वर्षी वेगळा, ही बहुतेक ठिकाणची स्थिती आहे. संग्रह मात्र असे आहेत की त्यांची दुसरी प्रत पुष्कळदा कोठेच नसते. अशा ठिकाणी सर्व्हरविषयीचे ज्ञान एका माणसाच्या डोक्यात किंवा एका माणसाच्या फोनमध्ये राहणे धोक्याचे आहे.

म्हणून एक साधी सूचना करतो. प्रत्येक विभागाने मराठीत एक पान लिहून ग्रंथपालांकडे ठेवावे. त्यावर यजमानाचे नाव, पत्ता, वाडा, वेस, कार्डाचे नाव, पाहुण्यांची यादी व त्यांचे पत्ते, आणि हे सारे कोणकोणत्या फाइलींत लिहिले आहे, एवढे असावे. पत्ता बदलला की जुना पाठ खोडून तारखेसह नवा लिहावा. पासवर्ड त्या पानावर लिहू नये. तो बंद लिफाफ्यात प्राचार्यांकडे असावा. वर्षातून एकदा, शक्यतो सुट्टीत, दोन अध्यापकांनी आणि दोन विद्यार्थ्यांनी यंत्रापुढे बसून विचारपूस करणाऱ्या आज्ञा द्याव्यात आणि पडद्यावरचा पाठ या पानाशी ताडून पाहावा. त्यात काही बिघडण्याची भीती नाही, कारण त्या आज्ञा काहीच बदलत नाहीत.

१८३६ साली दादोबा पांडुरंगांनी मराठीचे व्याकरण मराठीत लिहिले, तेव्हा कर्ता, कर्म, क्रियापद हे शब्द शाळकरी मुलांच्या तोंडी बसायचे होते. आज वेस, वाडा, साकव, यजमान, पाहुणा हे शब्द या कामासाठी वापरून पाहायला हरकत नाही. ते टिकले नाहीत तर गेटवे आणि ब्रिज हे शब्द आहेतच. पण कोणत्याही शब्दांत का होईना, त्या दहा ओळींचा अर्थ विभागातील किमान दोघांना मराठीत सांगता आला पाहिजे. तेवढे जमले तर पुढच्या वेळी राउटर बदलल्यावर संग्रह तीन आठवडे अंधारात राहणार नाही, आणि झिजलेल्या अंकांवर पुन्हा हात घालण्याची वेळ कोणावर येणार नाही.